गेरू की मोरपिशी?

घराच्या आतल्या मांडणीविषयी वाचक विचारतात त्या प्रश्नांची उत्तरे या सदरात दिली जातात. या वेळची तिन्ही पत्रे वडोदऱ्याची असून तिन्ही भिंतीच्या रंगाबद्दलची आहेत. दसरा जवळ आला की रंगाऱ्यांचे भाव आणि घरातले मतभेद एकदमच वाढतात, त्यामुळे त्याचे आश्चर्य वाटले नाही. पहिल्या पत्रातला प्रश्न विचार करायला लावणारा असल्यामुळे त्याला जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न : आमचे घर दांडिया बाजारात आहे, आजेसासऱ्यांनी बांधलेले. पहिल्या मजल्यावरची बैठकीची खोली पूर्व-पश्चिम सोळा फूट, दक्षिणोत्तर बारा फूट आणि दहा फूट उंच आहे. पश्चिमेला रस्त्याकडे दोन मोठ्या खिडक्या आहेत आणि समोर बैठी दुकाने असल्यामुळे संध्याकाळचे ऊन सरळ आत येते. दक्षिणेच्या भिंतीशी जुना सागवानी झोपाळा आहे, त्याच्या कड्या पितळेच्या आहेत. फरशी कोटा दगडाची आहे. दिवाळीपूर्वी रंग काढायचा आहे. ह्यांना गेरूचा, म्हणजे भाजलेल्या कौलासारखा रंग हवा आहे आणि मला मोरपिशी. शेडकार्डावर दोन्ही इतके सुरेख दिसतात की वाद मिटतच नाही. मुलगा म्हणतो, दोन भिंती एका रंगाच्या करा आणि दोन दुसऱ्या. सासूबाई म्हणतात, दोन्ही राहू द्या, मोतिया लावा. आपण निवाडा करावा.
(एक वाचक भगिनी, दांडिया बाजार)

उत्तर : निवाडा आधी सांगते, कारण तो वाचल्याशिवाय आपल्या घरात कोणी पुढचे वाचणार नाही. झोपाळ्यामागची दक्षिणेची भिंत मोरपिशी करावी, उरलेल्या तीन भिंती आणि छत मोतिया ठेवावे. गेरू या खोलीत भिंतीएवढा न आणता वीतभर आणावा. तो कुठे, ते पुढे सांगते. सासूबाईंना तीन भिंती मिळतात हे खरे, पण हा निर्णय त्यांच्या वयाकडे पाहून केलेला नाही.

आपल्या वादाचे मूळ त्या शेडकार्डात आहे. कार्डावरचा रंगाचा तुकडा दोन बोटे रुंद, भोवती पांढराशुभ्र कागद आणि तो पाहिला जातो दुकानातल्या ट्यूबलाइटखाली. आपली दक्षिणेची भिंत एकशेसाठ चौरस फुटांची आहे. रंगाचे क्षेत्र वाढले की तोच रंग डोळ्याला अधिक गडद आणि अधिक भडक वाटतो, आणि चारही भिंती एकाच रंगाच्या केल्या तर प्रत्येक भिंतीवरून उडालेला रंगीत उजेड समोरच्या भिंतीवर पडून तो आणखी चढतो. गेरूच्या बाबतीत हे फार लवकर घडते. चार भिंतींचा गेरू कार्डावरच्या गेरूपेक्षा निश्चितपणे लालभडक होतो. म्हणून कार्डावर जो तुकडा आवडला असेल, त्याच पट्टीतला एक पायरी फिका तुकडा भिंतीसाठी घ्यावा, हा सर्व गडद रंगांना लागू असलेला व्यवहार आहे.

दुसरी गोष्ट उजेडाच्या हिशेबाची आहे. भिंत आपल्यावर पडलेल्या उजेडापैकी किती परत देते, हे शून्य ते शंभर या मापात सांगतात. काळ्याकडे शून्य आणि पांढऱ्याकडे शंभर. पुष्कळ रंग कंपन्या हा आकडा शेडच्या क्रमांकाबरोबर देतात आणि दुकानदाराला विचारले तर तो सांगतो. मोतिया रंग बहुधा सत्तरच्या वर असतो, आपल्या मनातला गेरू वीस-पंचवीसच्या आसपास येईल आणि खरा मोरपिशी त्याच्याही खाली, दहा-पंधराच्या घरात. म्हणजे दोन्ही रंग उजेड गिळणारे आहेत आणि त्यांत मोरपिशी अधिक गिळतो. चार भिंती मोरपिशी केल्या तर झोपाळ्यावर बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्याला दुपारी दिवा लावावा लागेल. एका भिंतीपुरता मात्र हा तोटा राहत नाही, कारण बाकीच्या तीन भिंती तो भरून काढतात.

आता उन्हाकडे येऊ, कारण आपल्या खोलीत खरा प्रश्न उन्हाचाच आहे. पश्चिमेच्या खिडकीतून येणारे ऊन वर्षभर एकाच भिंतीवर पडते असे आपण गृहीत धरतो, पण तसे नसते. वडोदरा कर्कवृत्ताच्या जरासे दक्षिणेला, सुमारे २२.३ अक्षांशावर आहे. येथे जूनमध्ये सूर्य ठीक पश्चिमेला न मावळता तिच्या सुमारे पंचवीस अंश उत्तरेला मावळतो आणि डिसेंबरमध्ये तितकाच दक्षिणेला. त्यामुळे उन्हाळ्यातले चार-पाच वाजताचे ऊन खिडकीतून तिरपे शिरून दक्षिणेच्या भिंतीवर, म्हणजे झोपाळ्यामागे पडते, तर थंडीतले ऊन उत्तरेच्या भिंतीवर पडते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून गेलेला असताना, चहाच्या वेळी, ज्या भिंतीवर ते पिवळे-तांबडे ऊन येऊन आदळणार ती भिंत गेरूची असेल तर ती अक्षरशः निखाऱ्यासारखी दिसेल. त्याच उन्हात मोरपिशी रंग थोडा मंद, थोडा हिरवट होतो, कारण मावळतीच्या उन्हात निळा अंश कमी असतो आणि निळ्या रंगाला परत द्यायला फारसे काही उरत नाही. ही त्या रंगाची उणीव खरी, पण उन्हाळ्यात ती उणीवच सोयीची ठरते.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. ‘थंड रंग’ आणि ‘उष्ण रंग’ हे शब्द मनाला काय वाटते त्याचे आहेत. आतली भिंत मोरपिशी केली म्हणून खोलीचे तापमान उतरत नाही आणि पंख्याचा वेग कमी करता येत नाही. उष्णतेच्या दृष्टीने विचार करायचा तर तो बाहेरच्या भिंतीचा आणि गच्चीचा करावा, जेथे फिका रंग ऊन परतवून लावतो.

सूर्य मावळल्यावर आणि दिवे लावण्यापूर्वीचा जो अर्धा तास असतो, त्यात या दोन रंगांचे वागणे अगदी उलट होते. चेक शरीरशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी सुमारे दोनशे वर्षांपूर्वी असे नोंदवले की दिवसा तांबडी फुले निळ्या फुलांपेक्षा उठून दिसतात, पण झुंजुमुंजू होताना तीच फुले काळपट दिसतात आणि निळी उजळ वाटतात. उजेड कमी झाला की डोळ्याचे काम हळूहळू दुसऱ्या प्रकारच्या पेशींकडे जाते आणि त्या पेशी तांबड्याला जवळजवळ आंधळ्या असतात. आपल्या बैठकीत याचा अर्थ असा की दिवेलागणीच्या वेळी गेरूची भिंत तपकिरी आणि जड होईल, मोरपिशी भिंत मात्र शेवटपर्यंत आपला रंग धरून राहील. आपल्याकडे झोपाळ्यावर माणसे याच वेळी बसतात, म्हणून मी या अर्ध्या तासाला दुपारपेक्षा अधिक वजन देते.

दिव्यांच्या बाबतीत मात्र मोरपिशीची खुशामत करावी लागते. पिवळसर, म्हणजे २७०० ते ३००० केल्व्हिनच्या एलईडी दिव्याखाली मोरपिशी शेवाळाकडे झुकतो. निळसर पांढऱ्या, ६५०० केल्व्हिनच्या ट्यूबखाली तो चमकतो, पण माणसांचे चेहरे फिकट दिसतात. ४००० केल्व्हिनच्या आसपासचा दिवा दोन्ही सांभाळतो. खोक्यावर ‘सीआरआय’ असा आकडा असतो, म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचे माप. तो नव्वद किंवा त्याहून अधिक असलेला दिवा घ्यावा, नाहीतर महागाचा रंग लावून तो कधी दिसतच नाही. गेरूला पिवळा दिवा मानवतो आणि पांढरी ट्यूब मानवत नाही, म्हणजे दिव्यांच्या निवडीतही हे दोन रंग एकमेकांच्या सवती आहेत. एका खोलीत दोघांना सारखे स्थान देऊ नये, असे म्हणण्याचे हेही एक कारण आहे.

आता झोपाळ्याकडे पाहू. रंग एकटा कधीच दिसत नाही, तो शेजाऱ्यांसह दिसतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल हे पॅरिसच्या गोबलँ या विणकामाच्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख होते. तेथे तक्रार आली की काळा धागा पुरेसा काळा उतरत नाही. त्यांनी तपास केला तेव्हा धाग्यात खोट सापडली नाही; शेजारच्या रंगांमुळे तो काळा फिका भासत होता. त्यातून त्यांनी १८३९ मध्ये जो सिद्धांत मांडला त्याचे सार असे की शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध बाजूला ढकलतात. जुन्या सागाचा रंग नारिंगीकडे झुकणारा तपकिरी असतो आणि मोरपिशी हा नारिंगीच्या समोरचा रंग आहे. त्यामुळे मोरपिशी भिंतीपुढे आपला झोपाळा उजळेल, लाकडाच्या शिरा दिसतील आणि पितळेच्या कड्या घासल्याच्या दिवशी तर नजर तेथेच जाईल. गेरूच्या भिंतीपुढे तोच झोपाळा भिंतीत विरघळेल, कारण लाकूड आणि भिंत एकाच कुळातली. उलट कोटा फरशी, जी मुळातच हिरवट करडी असते, ती गेरूच्या पायाशी अधिकच हिरवी दिसू लागेल. आजेसासऱ्यांचा झोपाळा दिसावा की फरशीचा हिरवेपणा दिसावा, हे आपल्या यजमानांना एकदा विचारून पाहावे.

मुलाच्या सूचनेबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण हल्ली ती सूचना घरोघरी ऐकू येते. दोन विरोधी रंग निम्मे-निम्मे लावले की डोळ्याला विसावा मिळत नाही. कोणता मुख्य आणि कोणता सोबतीचा, हेच ठरत नाही. आपल्या कपाटातली मोरपिशी पैठणी काढून पाहावी. तिचे अंग मोरपिशी असते आणि काठ-पदर लाल किंवा राणी रंगाचा. विरोध तीव्र असूनही तो खुपत नाही, कारण काठ हा काठाएवढाच असतो. हेच लुगडे अर्धे मोरपिशी आणि अर्धे लाल विणले असते तर ते कोणी हौसेने नेसले असते असे वाटत नाही. आपल्या खोलीत अंग मोतिया आहे, पदर मोरपिशी आणि काठ गेरूचा. हा काठ मी भिंतीच्या कोनाड्याच्या आतल्या बाजूला लावीन. कोनाडा नसेल तर झोपाळ्यावरच्या लोडांचे अभ्रे गेरूचे शिवावेत आणि खिडकीतल्या कुंड्यांना खरोखरचा गेरू लावावा, जसा आपण तुळशीवृंदावनाला लावतो. यजमानांना भिंतच हवी असेल तर बैठकीतून आत जाणारी, उन्हाचा स्पर्श नसलेली बोळवजा जागा असल्यास ती पूर्ण गेरूची करावी. अंधाऱ्या, अरुंद जागेत तो रंग पिवळ्या दिव्याखाली फार ऊबदार दिसतो आणि माणूस तेथे बसत नाही, नुसता जातो, त्यामुळे तो अंगावरही येत नाही.

एका भिंतीबद्दल मात्र हट्टाने सांगते. खिडक्या ज्या भिंतीत आहेत, ती पश्चिमेची भिंत, कोणत्याही गडद रंगाने रंगवू नये. खिडकीतल्या झगझगीत उजेडाशेजारी गडद रंग काळाठिक्कर दिसतो आणि त्या दोहोंत सतत बदल करताना डोळे शिणतात. हे मी स्वतः चुकून शिकले आहे. माझ्या लिहिण्याच्या खोलीत खिडकीभोवतीची भिंत हौसेने गर्द निळी करून घेतली होती. आठ दिवसांत डोके दुखू लागले, पंधराव्या दिवशी त्याच रंगाऱ्याला परत बोलावले. तो काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा अजून आठवतो.

आता दुकानातला व्यवहार. फिके रंग ज्या पायाभूत रंगात मिसळतात, त्यात टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरे द्रव्य भरपूर असते आणि भिंत झाकण्याचे काम तेच करते. गडद रंगाच्या ‘डीप बेस’मध्ये ते फार थोडे असते, म्हणून गडद रंग महाग असूनही कमी झाकतो. दोन हातांत काम होईल असे रंगारी सांगेल. मोरपिशीला तिसरा हात लागतो, असे गृहीत धरूनच हिशेब करावा. चांगल्या इमल्शनचा एक लिटर गुळगुळीत भिंतीवर दोन हातांना साधारण १२० ते १४० चौरस फूट पुरतो, म्हणजे आपल्या भिंतीला तीन हातांसाठी दोन लिटर लागतील. पांढऱ्याऐवजी करड्या छटेचा प्रायमर खाली लावला तर तिसरा हात हलका बसतो. एक-एक लिटरचे दोन डबे घेतल्यास ते सुरू करण्यापूर्वी एका बादलीत एकत्र ढवळून घ्यावेत, कारण यंत्रातून निघालेल्या दोन डब्यांत किंचितही फरक असला तर तो गडद भिंतीवर सरळ रेघेसारखा दिसतो.

टिकाऊपणात दोघांनाही पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. गेरू म्हणजे लोहाचे ऑक्साइड, गंजाचेच भावंड. ते उन्हाने उडत नाही आणि चुन्या-सिमेंटच्या खारेपणालाही दाद देत नाही. मोरपिशीतले निळे-हिरवे हल्ली बहुतेक थॅलोसायनीन नावाच्या द्रव्यांचे असते. त्याचा शोध १९२८ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका रसायनांच्या कारखान्यात अपघाताने लागला. भांड्याचे आतले काचेचे अस्तर तडकले, पांढऱ्या पदार्थाचा लोखंडाशी संपर्क आला आणि त्यात गडद निळा रंग आढळला. तोही उन्हाला आणि खारेपणाला पक्का असतो. म्हणजे ‘निळा उडतो, लाल टिकतो’ ही जुनी समजूत या दोन रंगांपुरती तरी सोडून द्यावी.

चकाकी मात्र टाळावी. आपल्या घराचा गिलावा जुना, बहुधा चुन्याचा आणि थोडा खालीवर असणार. संध्याकाळचे तिरपे ऊन चकाकत्या गडद भिंतीवर पडले की प्रत्येक उंचवटा मोजता येतो. मॅट फिनिश घ्यावे. त्यावर हाताचे डाग लवकर पडतात हे खरे आहे, आणि झोपाळ्याची पाठ जेथे भिंतीला लागते तेथे तर पडणारच. म्हणून झोपाळा अर्धा फूट पुढे घ्यावा आणि डब्यात पेलाभर रंग शिल्लक ठेवावा.

डबा विकत घेण्यापूर्वी एक काम करावे. ड्रॉइंग पेपरचे दोन पूर्ण ताव घेऊन एकावर मोरपिशीचे आणि दुसऱ्यावर गेरूचे दोन-दोन हात द्यावेत, कडेला पांढरा कागद उरू देऊ नये आणि पूर्ण वाळू द्यावेत, कारण इमल्शन ओले असते त्याहून वाळल्यावर सहसा गडद होते. मग मोरपिशीचा ताव झोपाळ्यामागे आणि गेरूचा उत्तरेच्या भिंतीवर चिकटवून सकाळी नऊ, दुपारी पाच, दिवेलागण आणि रात्री दिव्याखाली असे चार वेळा पाहावेत. दुसऱ्या दिवशी त्यांची अदलाबदल करावी. एकाच भिंतीवर शेजारी-शेजारी मात्र लावू नयेत. शेव्रलने सांगितलेली ढकलाढकली लगेच सुरू होते आणि दोन्ही रंग असतात त्याहून भडक दिसतात. मला वाटते, दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी आपले यजमान स्वतःच गेरूचा ताव काढून घेतील. न काढल्यास उत्तरेची भिंत त्यांना द्यावी. तेथे थंडीतले ऊन पडते आणि डिसेंबरमध्ये त्यांचाही रंग शोभेल. मात्र मग मोरपिशी सोडावा लागेल, समोरासमोर दोन्ही नकोत.

प्रश्न : छताला आणि जिन्याला पांढरा रंग द्यायचा आहे. रंगारी म्हणतो, निळसर पांढरा घ्या, स्वच्छ दिसतो. बहीण म्हणते, पिवळसर पांढरा घे. माझे वडील चुन्यात नीळ घालत असत. तसे आताही करता येईल का?
(एक वाचक, फतेगंज)

उत्तर : आपल्या वडिलांची रीत शास्त्रशुद्ध होती. चुना वाळल्यावर किंचित पिवळा दिसतो आणि चिमूटभर नीळ त्या पिवळेपणाला मारते, म्हणून भिंत अधिक पांढरी भासते. जुनी नीळ ही अल्ट्रामरीनची भुकटी असे आणि तिला चुना चालतो. हल्लीची बाटलीतली नीळ हा बहुधा विरघळणारा रंग असतो, ती इमल्शनमध्ये घालू नये, डाग पडतात.

जिना बंद आणि दिवसाही दिव्यावर अवलंबून असेल तर बहिणीचे ऐकावे. कमी उजेडात निळसर पांढरा राखाडी आणि उदास दिसतो. छताला भरपूर उजेड मिळत असेल तर रंगाऱ्याचे चालेल. दोन्ही पांढरे एकमेकांना भेटतील असा कोपरा मात्र ठेवू नये. शेजारी आले की पिवळसर पांढरा मळका दिसतो, आणि मग घरातले सारे रंगाऱ्याला बोल लावतात.

प्रश्न : आमचे बैठे घर समा भागात आहे. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला तेव्हा घरात अडीच फूट पाणी होते. दिवाळी तोंडावर असल्याने आम्ही दोन महिन्यांत भिंती रंगवून घेतल्या. पुढच्या पावसाळ्यापर्यंत खालच्या भागाचे पोपडे निघाले आणि पांढरी भुकटी फुटू लागली. आता एका रंगाऱ्याने सुचवले आहे की खाली तीन फूट गडद निळा ऑइलपेंट आणि वर पांढरा असा दुरंगी पट्टा करावा, म्हणजे डाग दिसणार नाहीत. हे बरोबर आहे का?
(एक वाचक, समा)

उत्तर : दुरंगी पट्ट्याची कल्पना चांगली आहे, शाळा-दवाखान्यांत ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, ती खुर्च्यांचे घसारे आणि हातांचे डाग लपवण्यासाठी. ओल लपवण्यासाठी ती नाही. आपल्या भिंतीतून जी भुकटी येते तो लोणा आहे, म्हणजे विटांत मुरलेले पाणी बाहेर येताना सोबत आणत असलेले क्षार. पाणी उडून जाते, क्षार पृष्ठभागावर किंवा रंगाच्या पापुद्र्याखाली साठतात आणि पापुद्रा उचलून टाकतात. गडद निळ्यावर ही पांढरी भुकटी जितकी ठळक दिसेल तितकी अन्य कोणत्याही रंगावर दिसणार नाही. शिवाय ऑइलपेंटमधून वाफ बाहेर पडत नाही, त्यामुळे आत अडकलेली ओल वर सरकून पांढऱ्या भागात फुटते. म्हणजे आज तीन फुटांवर असलेले दुखणे उद्या चार फुटांवर जाईल.

भिजलेली विटांची भिंत वाळण्याचा ढोबळ हिशेब जाडीच्या इंचाला एक महिना असा धरतात. नऊ इंची भिंतीला त्याप्रमाणे नऊ महिने लागतात आणि आपण दोन महिन्यांत रंग लावलात. दोष रंगाऱ्याचा कमी आणि दिवाळीच्या तारखेचा जास्त आहे.

आता डागाच्या वर फूट-दीड फुटापर्यंतचा गिलावा काढून टाकावा. उघड्या विटांवरची भुकटी कोरड्या ब्रशने झाडावी आणि गोळा करून घराबाहेर टाकावी. ती पाण्याने धुऊ नये. धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा विटेत शिरतात. भिंत उघडीच वाळू द्यावी, नव्या गिलाव्याला निदान अठ्ठावीस दिवस द्यावेत आणि पहिले वर्षभर खालच्या भागाला प्लास्टिक इमल्शन किंवा ऑइलपेंट न लावता चुना लावावा, कारण चुन्यातून भिंत श्वास घेते. दुरंगीची हौस येथेच भागते. त्या चुन्यात गेरू कालवावा. तो चुन्याला मानवतो, फिका विटकरी रंग येतो आणि थोडाफार लोणा आलाच तर तो त्या रंगावर निळ्याइतका बोचत नाही. वरच्या भागाला पांढरा न लावता मोतिया लावावा, म्हणजे दोहोंमधला विरोध मवाळ होईल. पट्ट्याची वरची कड तीन फुटांवर न आणता खिडकीच्या उंबऱ्याच्या रेषेत घ्यावी. त्या रेषेत ती घराचाच भाग वाटते. पुराच्या पाण्याच्या खुणेच्या उंचीवर ठेवली तर येणारा प्रत्येक पाहुणा पाणी कुठवर आले होते तेच विचारत राहील.

हे सारे सुरू करण्यापूर्वी आणि नव्या गिलाव्यावर पुन्हा एकदा, दीड फूट लांबीरुंदीचा प्लास्टिकचा जाड कागद भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक रात्र ठेवावा. सकाळी आतल्या बाजूला दव दिसले तर रंगाऱ्याला आणखी महिन्याने यायला सांगावे, मग दिवाळी केव्हाही असो.